एक्केचाळीस जबाब

सातपूर, नाशिक
१० नोव्हेंबर २०२५

दादा,
जय भीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडणार असशील तर फाड, पण कामाचं आहे, आधी वाच. माझा फोन तू घेत नाहीस. आईच्या फोनवरून केला तर तिच्याशी गुडघेदुखीपासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत सगळं बोलतोस, आणि माझं नाव निघालं की नांदगावची रेंज जाते. पोस्टाला रेंज लागत नाही म्हणून पोस्टानं लिहिते आहे.

शुक्रवारी संस्थेत सुलाबाई आली होती. पेठच्या पुढच्या पाड्यावरची, देवरामबाबांची सून. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, हे तुला कळलं नसेल. त्यांच्या वनहक्काचा दावा पुराव्याअभावी नामंजूर झाला होता. तिनं अपील केलं आणि आता १० डिसेंबरला पेठेला समितीपुढे सुनावणी आहे. तो डोंगरउतार कायद्यानं ठरवलेल्या २००५ सालच्या आधीपासून हेच घर कसतं, हे स्वतः पाहिलेलं एकही म्हातारं माणूस आता पाड्यावर उरलेलं नाही. बाबांनी २०१६ साली तुझ्यापुढे दिलेला जबाब हा एकच पुरावा. मूळ कागद दाव्याच्या फाइलीत होता आणि फाइल दहा टेबलं फिरली, त्यात तो कुठं गळाला ते कुणाला माहीत नाही.

सुलाबाई खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "ताई, सासऱ्याचा कागद तुमच्या मशिनीत हाय ना? मंग काढून द्या. मला दोनची गाडी गाठायची हाय."

मी काय सांगणार, कप्पाळ? २०२२ मध्ये सर्व्हर बदलल्यापासून जबाबांचा तो सगळा विभाग बंद आहे. उघडला की मराठीच्या जागी कचरा दिसतो. डोक्यावर फराटा मारलेला इंग्रजी ए, त्याच्यामागे चार पाय फुटलेला एक गोळा, पुन्हा ए, पुन्हा गोळा, पानंच्या पानं. संस्थेत सगळ्यांना ठाऊक आहे की तू २०१२ साली हा डेटाबेस बांधताना पायाच चुकीचा घातलास आणि म्हणून सहाशे चोवीस जबाब गेले. मीच मीटिंगमध्ये सांगितलं होतं तसं. तू चकार शब्द न बोलता कपाटाची किल्ली टेबलावर ठेवलीस आणि गेलास.

आता मला एवढंच सांग. डेटाबेस कोणत्या अक्षरसंचावर लावला होतास, आणि प्रोग्राम त्याच्याशी कोणत्या अक्षरसंचात बोलत होता? दोन शब्दांचं उत्तर आहे. नाही दिलंस तरी मी शोधणार आहे. सुलाबाईला आठ दिवसांनी यायला सांगितलंय. ती पेठहून दोन गाड्या बदलून येते, तिला मी रिकाम्या हातानं परत पाठवणार नाही.

आईला तुझ्याबद्दल काही विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

अंजली

*

सातपूर
१५ नोव्हेंबर २०२५

दादा,
जय भीम.

उत्तर नाही. मला अपेक्षाही नव्हती, फक्त पोस्टमन दिसला की मान आपोआप वर होते.

तुझ्याशिवाय शोधलं. वत्सलाताईंना मी हे सोप्या शब्दांत लिहून दिलं. संस्थेच्या प्रमुख म्हणून त्यांना काय झालं ते कळायला हवंच होतं. तेच इथं उतरवते. चुकलं असेल तर लाल पेनानं खूण कर. तुझी ती मास्तरकी आता कॉलेजात पगारी झाली आहे म्हणे.

ताईंना लिहिलं ते असं. मराठीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा आपला प्रोग्राम तीन-तीन आकड्यांत बांधून डेटाबेसकडे पाठवायचा. डेटाबेस मात्र युरोपातल्या लिपीवर लावलेला होता, लॅटिन-वन नावाच्या. त्याला त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे एक युरोपी अक्षर वाटायचं. 'देवराम' हे नाव काने-मात्रे धरून सहा खुणांचं, पण डेटाबेसमध्ये त्याची अठरा अक्षरं होऊन पडायची. परत मागितलं की तो तेच आकडे त्याच क्रमानं परत द्यायचा आणि प्रोग्राम ते जोडून पुन्हा 'देवराम' दाखवायचा. आपण मराठी सांभाळतोय हे डेटाबेसला दहा वर्षांत कधी कळलं नाही, आणि कुणाचं काही अडलंही नाही.

हे सगळं चालत होतं ते एका ओळीवर. कनेक्शन उघडताना "मीही लॅटिनमध्येच बोलतोय" असं डेटाबेसला सांगणारी ओळ. जुन्या प्रोग्राममध्ये ती सापडली. तिच्या वर रोमन अक्षरांत तुझी मराठी टीप आहे: ही ओळ काढू नये, काढायची असेल तर आधी धम्मपालला विचारावं.

नव्या प्रोग्राममध्ये ती ओळ नाही. ती नाही म्हणून डेटाबेस त्या अठरा अक्षरांना खरोखरची युरोपी अक्षरं समजून तशीच दाखवतो. ए, गोळा, ए, गोळा.

ती ओळ मी काढली, दादा. नवा सर्व्हर, सगळं युनिकोड, मग हे लॅटिनचं लक्तर कशाला, असं म्हणून काढली. टीप वाचून काढली. तुला विचारायचं म्हणजे तू अर्धा तास फळ्यावर शिकवणार, आणि मला तेव्हा तुझ्याकडून काही शिकायचं नव्हतं. पाया तू चुकीचाच घातला होतास हे मी आजही म्हणेन. पण मीटिंगमध्ये मी पायाचं बोलले आणि ओळीचं बोलले नाही.

तीन वर्षांत हे तपासून का पाहिलं नाही, असं ताईंनी विचारलं. मी म्हटलं वेळ झाला नाही. खरं कारण तुला सांगते. तपासलं असतं तर ओळ कुणी काढली ते दिसलं असतं.

उद्यापासून ती ओळ परत घालून बघते. डेटाबेसची प्रत काढली आहे, आणि त्या प्रतीचीही प्रत.

अंजली

*

सातपूर
२० नोव्हेंबर २०२५

दादा, दादा,

निघाले! पाचशे त्र्याऐंशी जबाब जसेच्या तसे बाहेर आले!

प्रतीवर ती ओळ घातली आणि पान उघडलं. पहिलंच नाव 'झुंबरबाई'. अनुस्वारासकट. मी एवढ्या जोरानं ओरडले की शेजारच्या वर्कशॉपमधला माणूस लेथ बंद करून विचारायला आला, काही शॉक वगैरे बसला का. मग घाई केली नाही. जुन्या पद्धतीनं सगळं बाहेर काढलं, बाहेर काढलेल्या फाइलीला ती मराठी आहे असं सांगितलं, आणि युनिकोडवर लावलेल्या नव्या डेटाबेसमध्ये आत घातलं. शंभर जबाब छापून मोहिनीबरोबर ओळ न ओळ वाचले. एक वेलांटी इकडची तिकडे नाही. तुला आठवतंय ना मोहिनी? टाइपिंग करायची ती. अजून तीच करते.

आता वाईट काय ते. सहाशे चोवीसमधून पाचशे त्र्याऐंशी गेले की एक्केचाळीस राहतात. त्या एक्केचाळिसांत कचरासुद्धा नाही. नुसती प्रश्नचिन्हं आहेत. आणि त्यातला सतरावा देवरामबाबांचा आहे.

कचरा म्हणजे आत माल शाबूत असतो, फक्त वाचायची पद्धत चुकलेली असते. प्रश्नचिन्हाच्या मागे काही नसतं. नव्या कनेक्शननं खरं मराठी पाठवलं, युरोपी डेटाबेसकडे त्या अक्षरांना जागाच नव्हती, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी त्यानं एक प्रश्नचिन्ह ठेवलं आणि अक्षर टाकून दिलं. बाबांच्या जबाबाची एक ओळ तुला दाखवते:

?????? ?????? 1972 ???? ?????????

आकडे तेवढे वाचले, कारण इंग्रजी आकडे दोन्हीकडे एकाच पद्धतीनं लिहितात. मोकळ्या जागाही वाचल्या. बाकी दोन हजारांवर प्रश्नचिन्हं.

हे असं झालं कारण सर्व्हर बदलल्यावर त्याच आठवड्यात मोहिनीनं तातडीचे एक्केचाळीस जबाब कागदावरून पुन्हा टाइप करून सेव्ह केले. जुन्या नोंदींवरच. म्हणून तेवढेच गेले. आणि ते कागद पुढे दाव्यांच्या फाइलींबरोबर गेले.

सुलाबाई आज आली होती. मी स्क्रीन तिच्याकडे वळवला. तिला वाचता येत नाही, पण सगळीकडे एकच गळासारखा वाकडा आकडा बसलाय हे तिला दिसलं. म्हणाली, "ह्ये काय, समदीकडं आकडाच?" मी म्हटलं, आजी, हे बिघडलंय, पण अजून वीस दिवस आहेत. ती म्हणाली, "मला आजी नको म्हनू, मी तुझ्या आईपरीस ल्हान हाय." आणि मग म्हणाली, "तो उतार गेला तर मी नाशकाला बिगारीला येनार न्हाय. तिथंच बसन."

मी तो जबाब काढणार आहे. कसा ते मला अजून माहीत नाही.

अंजली

*

सातपूर
२४ नोव्हेंबर २०२५

दादा,
जय भीम.

मागच्या पत्रात मी मोहिनीचं नाव लिहिलं. ते वाक्य खरं आहे आणि तरी मी तुला फसवलं आहे. म्हणून हे पत्र.

शनिवारी मी मोहिनीला सहज विचारल्यासारखं विचारलं, की ते एक्केचाळीस जबाब तेव्हा परत टाइप करायचं तुझ्या मनात कसं आलं गं? तिनं माझ्याकडे बघितलं. मोबाइल काढला, बराच वेळ वर वर सरकवत राहिली आणि माझ्यापुढे धरला. १९ ऑगस्ट २०२२, सकाळी अकरा चाळीस, ऑफिसचा ग्रुप. "तातडीच्या ४१ दाव्यांचे जबाब कागदावरून पुन्हा टाइप करून त्याच नोंदीवर सेव्ह करा. अंजली."

"ताई, मी हा मेसेज ठेवलाय," ती म्हणाली. "मला वाटायचं, कधीतरी माझ्यावर येईल."

आणि पुढचं तिनं सांगितलं नाही, कारण ते मला आठवतं हे तिला ठाऊक होतं. पहिलाच जबाब सेव्ह केल्यावर ती माझ्या टेबलाशी आली होती. म्हणाली होती, "ताई, प्रश्नचिन्हं येताहेत." मी मान वर न करता म्हटलं होतं, "दिसतात तशी, आत नीट असतं. तू चालू ठेव." तिनं चालू ठेवलं. मी तेव्हा उठून बघितलं असतं तर एक जबाब गेला असता. एक्केचाळीस गेले.

अजून आहे. त्याच दिवशी दुपारी तू फोन करून विचारलं होतंस, "बॅकअप घेतलास ना?" मी हो म्हटलं. घेतलाही होता. पण सर्व्हरवर जागा भरली म्हणून दोन दिवसांनी मीच तो पुसला. जुना कचरा कशाला सांभाळायचा, असं मनात म्हटलं. आणि मग मीटिंगमध्ये वत्सलाताईंनी विचारलं, हे कसं झालं, तेव्हा सगळे तुझ्याकडे बघत होते. कारण सगळं तूच बांधलेलं. मी त्या नजरांच्या मागे उभी राहिले. "दादाचं काम मुळातच चुकीचं होतं," हे माझं वाक्य. तुला सगळं समजलं होतं. तुला प्रश्नचिन्हं बघून समजणार नाही तर कुणाला? तू एका वाक्यात मला उघडं पाडू शकला असतास. का नाही पाडलंस याचा मला तीन वर्षं राग आहे. बोलला असतास तर भांडण होऊन मिटलं असतं.

आज सकाळी मी हे सगळं दोन पानांवर लिहून मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. तारखांसकट. बारा माणसं होती. वत्सलाताईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे धम्मपालला सांगितलंस?" मी म्हटलं, आजच्या पोस्टानं सांगते. त्या म्हणाल्या, "त्याला सांगायचं ते तू आधी सांगायचं होतंस, मग आम्हाला." बरोबर आहे त्यांचं. मोहिनीची माफी मी सगळ्यांसमोर मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या ताई," आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि मीही तिच्यामागे गेले.

त्या दोन पानांची प्रत सोबत जोडली आहे. तुझ्याकडे मागायला मला तोंड नाही, तरी मागते. स्वतःसाठी नाही. तुझ्या जुन्या लॅपटॉपवर, एखाद्या पेनड्राइव्हवर, कुठंही त्या जबाबांची प्रत असेल तर सांग. नसेल तर नाही म्हणून कळव, म्हणजे मी दुसरीकडे हात घालीन. सोळा दिवस राहिले.

अंजली

*

सातपूर
३ डिसेंबर २०२५

दादा,
जय भीम.

तुझं पोस्टकार्ड शनिवारी मिळालं. "प्रत नाही. रेकॉर्डिंग ऐक. फाइलचं नाव बघू नको, आतली वेळ बघ." तीन वर्षांनी तीन वाक्यं आणि त्यातले दोन हुकूम. खाली नावही नाही. आईनं कार्ड दोनदा उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "तब्येतीचं काही लिवलं नाय का?"

रेकॉर्डिंग! माझ्या डोक्यातून ते साफ गेलं होतं, आणि का गेलं तेही सांगते. जबाब लिहून झाला की तू अंगठा घ्यायच्या आधी तो अख्ख्या पाड्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवायचास. अंगठा देणाऱ्याला आपण कशावर अंगठा देतोय ते कळलं पाहिजे, हा तुझा नियम. आणि ते वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करायचास. एका पाड्यावर त्यापायी संध्याकाळ व्हायची. मी हसायचे तुला. ती सगळी रेकॉर्डिंग एका जुन्या डिस्कवर होती. फाइलींना तू माणसांची नावं मराठीत दिलेली. सर्व्हर बदलताना मी ती डिस्क जोडली, तर सगळी नावं चौकोन चौकोन झालेली. मला वाटलं हेही गेलं. नाव बिघडलं म्हणजे आतलंही बिघडलं, असं धरून मी डिस्क खणात टाकली. एकही फाइल उघडून ऐकली नाही. ऐकली असती तर तुझा आवाज आला असता, आणि तो मला नको होता.

रविवारी ऑफिस उघडून बसले. रेकॉर्ड केल्याची तारीख आणि वेळ खरंच प्रत्येक फाइलच्या पोटात आहे, आणि डेटाबेसमध्ये जबाबाची तारीख आकड्यांत आहे, म्हणजे शाबूत. बाबांची १२ मार्च २०१६. त्या दिवशीच्या अकरा फाइली निघाल्या. एकेक लावत सहावीला पोचले.

आधी कोंबडा. मग कुणीतरी खोकलं. मग तू. दादा, किती बारीक आवाज होता तुझा तेव्हा! "मी देवराम, राहणार अमुक पाडा, असा जबाब देतो की." मी कागद-पेन घेतलं. तू वाचत गेलास, मी लिहीत गेले. "माझ्या बापाने 1972 च्या दुष्काळात खडकीच्या उतारावरचे दगड वेचून बांध घातला, तेव्हापासून तिथे नागली आणि वरई आम्हीच करतो." तिथं मी थांबवलं. प्रश्नचिन्हांचं पान काढलं. 'माझ्या' सहा, 'बापाने' सहा, मग 1972, मग 'च्या' चार, 'दुष्काळात' नऊ. हलन्त आणि काने-मात्रे धरून मोज. एकही कमी-जास्त नाही. मोहिनीला बोलावलं. ती कागदावरचं वाचायची, मी प्रश्नचिन्हं मोजायचे. दोन दिवसांत अख्खा जबाब त्या दोन हजार तीनशे अठरा प्रश्नचिन्हांवर बसवला. मोहिनीच्या टायपिंगच्या दोन चुका निघाल्या, त्यासुद्धा कुठं झाल्या ते दिसतं.

शेवटी बाबा विचारतात, "बांधावरल्या उंबराचं लिवलं का?" तू म्हणतोस, "लिहिलं, बाबा." मग ते म्हणतात, "मंग आन अंगठा." पाच-सहा माणसं हसतात.

आज सुलाबाईला ऐकवलं. तिला मी आधी काही सांगितलं नव्हतं, चूकच झाली. बाबांचा आवाज आला तशी ती खुर्चीतून उठली, डोक्यावर पदर ओढला आणि खाली मान घालून भिंतीशी उभी राहिली. सासऱ्यासमोर उभी राहायची तशी. संपेपर्यंत बसली नाही. मग म्हणाली, "पुन्यांदा लाव." तीनदा लावलं.

संस्थेच्या वकीलबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, पुरावा चांगला आहे, पण समिती विचारणार की हा वाचणारा कोण. ज्यानं जबाब घेतला आणि वाचला, त्यानं समोर येऊन 'हा माझाच आवाज, हेच मी लिहिलं होतं' असं सांगायला हवं. नाहीतर हे नुसतं कुठलंतरी रेकॉर्डिंग.

म्हणून १० तारखेला सकाळी अकराला पेठेला ये. माझ्याशी बोलू नकोस, चालेल. माझ्याकडे बघू नकोस, तेही चालेल. परवा तू सहा डिसेंबरसाठी दादरला जाशील, तिथून आलास की दमलेला असशील हे माहीत आहे, तरी ये. मी तुला सुलाबाईसाठी बोलावते आहे आणि मला तू हवा आहेस म्हणूनही बोलावते आहे. दोन्ही खरं आहे.

अंजली

*

सातपूर
११ डिसेंबर २०२५

दादा,
जय भीम.

काल आपण चार तास एका व्हरांड्यात होतो आणि मिळून दहा वाक्यं बोललो. म्हणून पुन्हा पत्रच लिहिते आहे. पत्रात मला बोलता येतं हे मला या महिन्यातच कळलं.

तू येणार नाहीस असं धरून मी रात्रीच स्वतःचं प्रतिज्ञापत्र तयार केलं होतं. पावणेअकराला जिन्यात तू दिसलास. केस पांढरे झालेत तुझे. कानाशी. आई हे मला सांगत नव्हती. तू मला म्हणालास, "प्रिंट दोन प्रतींत आणलीस?" मी म्हटलं, "तीन." तू म्हणालास, "बरं." मला तेवढ्यानंही रडू आलं असतं, पण सुलाबाई तिथं शेंगदाण्याची पुडी पुढे करून उभी होती.

रेकॉर्डिंग लावलं तेव्हा समितीतल्या त्या तरुण बाई पेन्सिल घेऊन खरंच प्रश्नचिन्हं मोजायला लागल्या, पाहिलंस ना? दोन ओळी मोजून त्यांनी पेन्सिल ठेवली. तू उभा राहून सांगितलंस की आवाज माझा, जबाब मी घेतला, उंबर आणि बांध मी डोळ्यांनी पाहिला. सुलाबाईनं मधेच सांगून टाकलं, "तवा हा लय रोड होता, पन ह्योच हाय." सगळे हसले. मला वाटलं झालं.

मग अध्यक्षांनी तो प्रश्न विचारला. हे सगळं इतकी वर्षं कुणाच्या ताब्यात होतं, आणि मधल्या काळात त्यात कुणी फेरफार केला नाही हे आम्ही कशावरून मानायचं?

उत्तर मलाच द्यायचं होतं. ताबा माझा, बिघाड माझा, पुसलेला बॅकअप माझा. ज्या बाईनं एक्केचाळीस जबाब घालवले तिनं सांभाळलेली डिस्क खरी कशी मानायची, असं कुणीही म्हटलं असतं आणि ते रास्त झालं असतं. सुलाबाईचा उतार माझ्या शब्दावर येऊन ठेपला होता, आणि माझा शब्द किती खरा ते त्या खोलीत फक्त तुला ठाऊक होतं. मी खुर्ची मागे सरकवली. प्रतिज्ञापत्र हातात घेतलं. उभी राहिले, आणि तू बसल्या जागेवरून बोललास.

"साहेब, हे माझ्या धाकट्या बहिणीच्या ताब्यात होतं. तिच्या हातून बिघाड झाला होता, तो तिनं स्वतः तारखांसकट लिहून दिलाय, दोन पानं आहेत, ती तुमच्या फाइलीला लावा. स्वतःच्या विरुद्ध इतकं लिहून देणारं माणूस दुसऱ्याचा जबाब बदलत नाही."

मी तुला पाठवलेली ती दोन पानं तू खिशातून काढलीस. चार घड्या घातलेली, घड्यांवर झिजलेली. इतक्या वेळा उघडल्याशिवाय कागद पंधरा दिवसांत तसा झिजत नाही.

अध्यक्षांनी ती वाचली. पूर्ण वाचली, मी उभीच होते. मग त्यांनी कारकुनाला सांगून तुझी वाक्यं नोंदीत घेतली, शब्दाला शब्द, आणि पुरावा ग्राह्य धरून दावा मान्य करण्याची शिफारस लिहिली. कारकुनानं कागद पुढे केला आणि बोट ठेवून दाखवलं, ताबा असणाऱ्यानं इथं सही करायची. वर तुझी सही होती. मी खाली केली. सही वाकडी आली आहे, आणि दादा, तीन वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

तुझी,
अंजली